वाट जिथे तुटते

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक वॉचमन काका येतात. (मामा म्हणायची सोय नाही, पुण्यात मामा म्हणजे चौकातला ट्रॅफिक हवालदार.) सहा किलोमीटरवरून सायकल मारत येतात. काळी बावीस इंची सायकल, हँडलला डब्याची पिशवी आणि कॅरिअरला दोरीने बांधलेला रेनकोट, जो जूनमध्ये चढतो आणि दिवाळीनंतर कधीतरी उतरतो. त्यांच्या वाटेतल्या मोठ्या रस्त्याच्या कडेला लाल पेव्हर ब्लॉकचा सायकल ट्रॅक आहे. काका मात्र त्या ट्रॅकला समांतर, डांबरावरून, बसच्या अंगाला अंग घासत येतात.

एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "साहेब, ट्रॅकवरून आलो तर पोचायचं कधी?"

मला वाटलं, सवयीचा भाग असेल. मग एका रविवारी मीच त्या ट्रॅकवरून सायकल काढली. घरी आलो तेव्हा काकांचं म्हणणं पटलं होतं आणि हात मनगटापर्यंत झिणझिणत होते. ट्रॅक बंद नव्हता, अगदी खड्ड्यांतही गेला नव्हता. पण दर पन्नास पावलांवर कुठल्या तरी इमारतीचं गेट होतं. प्रत्येक गेटाशी ट्रॅक खाली उतरायचा, गाडी येतेय का पाहायला ब्रेक लावायचा आणि पुन्हा चढायचं. शिवाय अधूनमधून एखादी विजेची डीपी, एखादं चेंबर आणि ट्रॅक हा आपलाच पार्किंगचा पट्टा आहे अशी पक्की समजूत असलेल्या दुचाक्या.

हा त्रास आकड्यांत मांडता येतो. काका, सायकल आणि डबा मिळून ९० किलो धरू. वेग ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आत-बाहेर. या वेगात त्यांच्याकडे साधारण ७८० ज्यूल गतिज ऊर्जा असते. सपाट रस्त्यावर हाच वेग टिकवायला टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून जेमतेम १३ न्यूटनचा जोर लागतो, म्हणजे सव्वा लिटरची पाण्याची बाटली हातात धरायला लागतो तेवढाच. सायकल हे किती कमी खाणारं वाहन आहे ते इथे दिसतं. आता ब्रेक लावून पूर्ण थांबलात, की ते ७८० ज्यूल ब्रेकच्या रबरात गरम होऊन गेले. पुन्हा वेग घेण्यासाठी ते पायांतून काढायचे. ७८० ला १३ ने भागा: ६० मीटर. एकदा थांबणं म्हणजे ६० मीटर जास्तीची सायकल मारणं. किलोमीटरभरात अशी वीस गेटं असली आणि प्रत्येक ठिकाणी थांबायला लागलं, तर १,२०० मीटर वाढले. कागदावर एक किलोमीटरचा ट्रॅक, पायांच्या हिशेबात जवळजवळ सव्वादोन.

चढाचं गणित याहून कडक आहे. १०० मीटरला ३ मीटर चढ, म्हणजे मोटारीत बसलेल्याला कळणारही नाही असा. पण ९० किलोंना तो २६ न्यूटन जास्तीचे लावतो. आधीचे १३ धरून ३९, म्हणजे थेट तिप्पट. म्हणून सायकलवाल्याला शहराचा चढ-उतार गुडघ्यात पाठ असतो. नेदरलँड्समध्ये सायकलमार्ग आखताना दर किलोमीटरला किती वेळा थांबावं लागतं हेही मोजतात, ते याचसाठी. आपल्याकडे मोजतात ते किती किलोमीटर ट्रॅक 'झाला' हे.

नुसत्या या आकड्यात एक फसगत आहे.

पुण्यात सायकल ट्रॅक काही नवीन नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने ट्रॅक आले. पुढे इतर रस्त्यांवरही आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे आठशे किलोमीटरचं जाळं सुचवलेलं आहे आणि शहरातल्या प्रवासात सायकलचा वाटा ३ टक्क्यांवरून २०३१ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट. आराखडा वाचनीय आहे आणि करणाऱ्यांनी तो मनापासून केलेला आहे, हे आवर्जून सांगतो. पण आराखडा एकसंध असतो आणि काम तुकड्यांत होतं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची 'स' यादी असते, पथ विभागाच्या निविदा वेगळ्या, ड्रेनेजचं खोदकाम वेगळं, उड्डाणपुलाचं काम आणखी कुणाचं. जिथे जागा सापडते, पैसे सापडतात आणि विरोध सापडत नाही, तिथे तुकडा होतो. आणि तसे तुकडे नेमके रुंद, मोकळ्या रस्त्यांवर होतात. चौक, पूल, रेल्वेखालचा बोगदा अशा ठिकाणी, म्हणजे जिथे सायकलवाल्याला खरी गरज, तिथे ट्रॅक अदृश्य होतो.

तुकड्यांचं हे गणित गंमतीचं आहे. तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंतची वाट दहा तुकड्यांची आहे असं समजा. प्रत्येक तुकडा सुरक्षित असण्याची शक्यता ८० टक्के. ऐकायला झकास. पण अख्खी वाट सुरक्षित असायची तर दहाच्या दहा तुकडे चांगले हवेत. ०.८ ला दहा वेळा स्वतःनेच गुणा: ०.११ सुद्धा येत नाही. शहरातले ८० टक्के रस्ते चांगले असूनही दहातल्या नऊ जणांना वाटेत कुठेतरी जीव मुठीत धरावाच लागणार. आणि जी आई मुलाला शाळेत सायकलने पाठवायचं की नाही ठरवते, ती सरासरी काढत नाही. ती त्या एका चौकाचा विचार करते.

याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. पाझर तलाव आपल्याला माहीत आहे. पाणी मातीतून झिरपतं, कारण कणांमधल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पोकळ्या असल्या पण जोडलेल्या नसल्या, तर थेंबही खाली जात नाही. गणितात या विषयाची एक स्वतंत्र शाखाच आहे, पर्कोलेशन, म्हणजे पाझरच. बुद्धिबळाच्या पटासारखं आखलेलं एक प्रचंड शहर घ्या आणि दोन चौकांमधला प्रत्येक तुकडा सुरक्षित करायचा की नाही ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. ३० टक्के तुकडे सुरक्षित केलेत तर नकाशावर छोटी छोटी बेटं दिसतात. ४० टक्के केलेत तर बेटं थोडी मोठी होतात, पण बेटंच राहतात. आणि ५० टक्क्यांच्या उंबरठ्याशी एकदम चमत्कार होतो. तो ओलांडला की बेटं एकमेकांना भिडतात आणि शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट खुली होते. हा उंबरठा बरोबर निम्म्यावर आहे हे हॅरी केस्टन या गणितज्ञाने १९८० मध्ये सिद्ध केलं.

याचा महापालिकेच्या भाषेत अर्थ असा, की इथेतिथे तुकडे टाकत गेलात तर बराच काळ खर्च दिसेल आणि सायकलवाले दिसणार नाहीत. मग "लोकांना नकोच आहे" असा निष्कर्ष निघेल आणि उंबरठ्याच्या अलीकडेच काम थांबेल. २०२२ मध्ये जगातल्या ६२ शहरांच्या रस्त्यांवर संगणकाने सायकलचं जाळं वाढवून पाहण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचंही म्हणणं हेच: सुरुवातीला पैसे टाकूनही फायदा उलट घटत जातो, एका ठरावीक टप्प्यानंतरच परतावा सुरू होतो. त्यामुळे वाढ कशी करायची याची आधी नीट रीत हवी आणि मग चिकाटी.

अमेरिकेतल्या सॅन होजे शहराचा २०१२ चा अभ्यास तर माझ्या फार आवडीचा आहे. त्यात रस्त्यांची प्रतवारी लांबी-रुंदीवरून न करता तिथे सायकल चालवताना माणसाला किती ताण येतो यावरून केली, आणि वाटेचा ताण म्हणजे तिच्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याचा ताण, असा नियम लावला. शहरात शांत गल्ल्या भरपूर होत्या. तरीही सहा मैलांपर्यंतच्या, कामावर जाण्याच्या फेऱ्यांपैकी जेमतेम ४.७ टक्के फेऱ्या सामान्य माणसाला सोसेल अशा वाटेने पूर्ण होत होत्या. शांत गल्ल्या होत्या, पण मोठ्या रस्त्यांनी त्यांची बेटं करून ठेवली होती. संशोधकांनी मोजक्या जागी सांधे जोडणारी साधी कामं सुचवली, एकूण ३२ मैलांची, आणि हिशेब मांडला: आकडा १२.७ टक्क्यांवर जातो. नवे महामार्ग नकोत, उड्डाणपूल नकोत, फक्त सांधे जोडायचे आणि फायदा जवळजवळ तिप्पट.

हे धडे डच लोक आधीच शिकले होते, आणि चुकत शिकले होते. आपल्याकडे नेदरलँड्स म्हटलं की तिथे जन्मतःच सायकल मिळते असं बोललं जातं. प्रत्यक्षात १९७० च्या दशकात तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते आणि रस्त्यांवर मुलं मरत होती, म्हणून लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा सरकारने टिलबर्ग आणि हेग या दोन शहरांत एकेक देखणा, रुंद, नमुनेदार सायकलमार्ग बांधला. मार्गावर गर्दी झाली, पण ती बरीचशी आजूबाजूच्या रस्त्यांवरून तिथे आलेली. शहरातलं एकूण सायकल चालवणं फारसं वाढलं नाही. मग १९८० च्या दशकात डेल्फ्ट या गावाने वेगळा विचार केला. एकही नमुनेदार मार्ग न बांधता तिथे तीन पातळ्यांचं जाळं विणलं. शहरभर जाणाऱ्या मार्गांमधलं अंतर ४०० ते ६०० मीटर, विभागातल्या मार्गांचं २०० ते ३००, आणि अगदी गल्लीपातळीवर १०० ते १५०. जुन्या वाटा वापरल्या आणि तुटल्या होत्या तिथे जोडल्या: एखादा छोटा पूल, एखादा बोगदा, एकेरी गल्लीत सायकलला उलट जायची परवानगी. आधीच ४० टक्के असलेला सायकलचा वाटा काही वर्षांत ४३ वर गेला.

आपल्याला जास्त पटेल असं उदाहरण मात्र स्पेनमधल्या सेव्हिलचं. कडक ऊन, जुनी पेठ, अरुंद गल्ल्या, आणि सायकलचा वाटा टक्काभरही नाही. "इथल्या हवेत कोण सायकल चालवणार" हे वाक्य तिथेही लोकांना पाठ होतं. २००६ च्या सुमारास नगरपालिकेने ठरवलं, की तुकडे करायचे नाहीत. सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं, वाहतुकीपासून वेगळं केलेलं जाळं एका दमात बांधायचं. जागा आणली ती मुख्यतः मोटारींच्या पार्किंगमधून. आरडाओरडा होण्याआधी आणि पुढची निवडणूक येण्याआधी काम उरकलं. हे मी कौतुकाने म्हणतोय. चार-पाच वर्षांत रोजच्या सायकल फेऱ्या काही हजारांवरून साठ-सत्तर हजारांपर्यंत गेल्या.

आता वाट आखायची कशी? इंग्लंडमध्ये २०१७ पासून सरकारने स्थानिक कौन्सिलांना सायकल आणि पायी चालण्याचे आराखडे करायला प्रोत्साहन दिलं आणि त्याची पद्धतही ठरवून दिली. त्यातली वाट आखायची पहिली पायरी मला फार शहाणपणाची वाटते: रस्ते विसरा. नकाशावर माणसं राहतात ती ठिकाणं आणि ती जातात ती ठिकाणं मांडा – शाळा, स्टेशन, दवाखाने, बाजार, कारखाने – आणि त्यांना सरळ रेघांनी जोडा. ही रेघ घरांवरून, ओढ्यावरून, रेल्वेवरून कशीही जाऊ दे. ती माणसाच्या मनातली वाट. मग पाहायचं, की प्रत्यक्षातल्या कुठल्या रस्त्यांनी या रेघेच्या जास्तीत जास्त जवळ राहता येतं आणि कुठे आडवी भिंत लागते. मैदानातून गवत मरून पडलेली पायवाट तुम्ही पाहिलीच असेल. ती याच रेघेची शेतकरी आवृत्ती.

या पद्धतीची परीक्षा पुढे होते. रेघ जर बाजारपेठेतून गेली, तर आराखडाही बाजारपेठेतूनच जायला हवा. आपल्याकडे नेमका तिथे मोह होतो तळ्याकाठचा, नदीकाठचा. मुंबईत पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक घालायला घेतला आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढायला लावला. तलावाचं नुकसान हा मुद्दा होताच. पण तो राहिला असता तरी रविवारी सकाळी फेरफटका मारण्यापलीकडे कुणाला कुठे पोचवणार होता?

आणि आराखडा करायचा कुणासाठी? अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या सायकल विभागातल्या रॉजर गेलर यांनी २००६ च्या सुमारास शहरातल्या लोकांचे चार ढोबळ गट केले. कसल्याही रस्त्यावर सायकल घालणारे बेधडक १ टक्क्याहून कमी. उत्साही आणि सरावलेले ७ टक्के. काहीही केलं तरी सायकलला हात न लावणारे ३३ टक्के. उरलेले ६० टक्के "आवडेल, पण भीती वाटते" म्हणणारे. आकडे पोर्टलंडचे आहेत, पण चौथा गट मला आमच्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर भेटतो. सभांना हेल्मेट घालून येतात ते पहिल्या दोन गटांतले. काका कुठल्या गटात? कुठल्याच नाही. त्यांना कुणी पर्याय दिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे २३ टक्के लोक कामावर पायी जात होते आणि १३ टक्के सायकलने. हौस म्हणून जाणारे त्यात किती असतील, तुम्हीच विचार करा.

भीतीला मात्र भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे. ताशी ३० किलोमीटरने चाललेल्या मोटारीसमोर मूल आलं. चालकाला प्रतिक्रिया द्यायला एक सेकंद लागला, तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे गेली. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला की आणखी ५ मीटर. १३ मीटरला गाडी थांबली. तीच गाडी ताशी ५० ने असती, तर त्या एका सेकंदातच ती जवळपास १४ मीटर गेली असती. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबून चालक शिव्या घालतोय, तिथे दुसऱ्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. ती पूर्ण ५० च्या वेगाने धडकते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने धडक पावणेतीन पटीहून जास्त ऊर्जेची. वीस किलोमीटरच्या फरकात दचकणं आणि मरणं यांच्यामधलं अंतर आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसं गेली, त्यात जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती.

म्हणून प्रत्येक गल्लीत ट्रॅक बांधायची गरज नसते. गल्लीतल्या गाड्यांचा वेग ३० च्या खाली आणला की सायकल, मुलं आणि भाजीची पिशवी घेतलेल्या आजी एकाच रस्त्यावर नांदू शकतात. वेग पाटीने कमी होत नाही, रस्त्याच्या आकाराने होतो. वळणावर टायरची पकड जेवढा आडवा जोर सोसते, त्यावरून वेगाची मर्यादा ठरते आणि ती त्रिज्येच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. चौकाचा कोपरा ऐसपैस गोल करून वळणाची त्रिज्या तिप्पट केली, की गाड्या १.७ पट वेगाने वळू शकतात. वर कोपरा गोल झाल्याने रस्ता ओलांडायचं अंतरही वाढतं. आपल्याकडे हे कोपरे 'वाहतूक सुरळीत' करायला कापतात.

पायी चालण्याचा विषय सायकलच्या शेपटाला बांधून येतो याचं मला नेहमी वाईट वाटतं. सायकल नसलेला माणूस असतो, पण न चालणारा कोण? बसने जाणारासुद्धा दोन्ही टोकांना चालतच असतो. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथ कसा असावा हे स्पष्ट दिलेलं आहे: चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी, बाजारपेठेत अडीच, आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. मोकळी या शब्दावर जोर द्यायला हवा. झाड, दिव्याचा खांब, डीपी, बाक यांचा पट्टा त्याखेरीज वेगळा. दीड मीटरच्या पदपथाच्या मधोमध खांब असेल तर तो पदपथ खांबासाठी आहे. उंचीचं कारण गुडघे. पदपथ फूटभर उंच केला की प्रत्येक गेटाशी एक उतार, एक चढ, आणि दहा गेटांत संधिवाताचा माणूस खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालू लागतो. मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. उलट पद्धत आहे आणि ती महागही नाही: पदपथ गेटासमोर सपाट, सलग जाऊ द्यायचा आणि गाडीने चढून उतरायचं. गाडीला इंजिन असतं.

शिस्तीचा विषय निघालाच आहे तर दुभाजकाबद्दल बोलू. तुम्ही बसमधून उतरलात, समोर पंचवीस मीटरवर तुमची गल्ली. दुभाजकाला जाळी. ओलांडायची जागा अडीचशे मीटर पुढे, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर. सेकंदाला १.२ मीटर या चालीने सात मिनिटं. जाळीत कुणीतरी वाकवलेली फट समोरच आहे, वीस सेकंदांची. त्या फटीतून जाणारा माणूस बेशिस्त नाही. त्याने नकाशावरची ती सरळ रेघ ओळखलेली आहे. शहाणा अभियंता तिथे जाळी दुरुस्त करणार नाही, झेब्रा रंगवेल.

पादचारी पूल हे या जाळीचंच उंच रूप. सहा मीटर चढायला ६० किलोच्या माणसाच्या स्नायूंना जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तो सपाटीवर साठ-सत्तर मीटर चालतो. हा तरुण गुडघ्यांचा हिशेब झाला. मोटारीला सहा मीटर चढवणं सोपं, पण चढवतो आपण माणसाला.

सिग्नलचंही तसंच. २४ मीटर रुंद रस्ता, १.२ मीटरची चाल, म्हणून २० सेकंदांचा हिरवा माणूस. माझी आई आता सेकंदाला ०.८ मीटर चालते. विसाव्या सेकंदाला ती १६ मीटरवर असते आणि दोन्हीकडचे हॉर्न सुरू होतात. मधोमध एक रुंद, सुरक्षित थांबा केला की तिला १२ मीटर दोनदा ओलांडायचे असतात आणि मधे श्वास घ्यायला मिळतो. सिमेंटच्या दहा गोण्यांचं काम असेल.

जागाच नाही हे उत्तर नेहमी मिळतं, म्हणून एक हिशेब. तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाभरात खासगी मोटारींनी ६०० ते १,६०० माणसं जातात. तेवढ्याच पट्ट्यात वेगळा सायकलमार्ग केला तर साडेसहा ते साडेसात हजार, आणि पायी आठ-नऊ हजार. अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचे हे आकडे आहेत, कुणा सायकल क्लबचे नाहीत. पुणेकरांना हे कागदावर पटत नसेल तर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर जावं. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करते. दुकानं चालू, रस्ता माणसांनी भरलेला, आणि बोलताना ओरडावं लागत नाही. वर्षातून एक दिवस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. ते कलम मात्र वर्षाचे बाराही महिने लागू आहे.

तर काका. हा सगळा खटाटोप डोक्यात घेऊन मी एकदा त्यांच्यासमोर फोनवरचा नकाशा धरला आणि त्यांची वाट दाखवायला सांगितली. मोठा रस्ता त्यांनी बोटाने झटकन पार केला, त्याबद्दल तक्रारही केली नाही. पुलाशी थांबले. पुलावर ट्रॅक संपतो, तिथे ते उतरून सायकल हातात घेतात. पुण्यात नदी ओलांडायच्या जागा मोजक्या. झेड पूल चारचाकींना बंद म्हणून बरा, भिडे पूल पावसाळ्यात पाण्याखाली, आणि बाकी ठिकाणी सगळं शहर एकाच अरुंद गळ्यातून जातं. मग बोट एका वसाहतीत शिरलं आणि नकाशावर रस्ताच नाही अशा ठिकाणाहून पलीकडे निघालं.

"इथून कसे जाता?"

"भिंतीला खिंडार आहे ना. सायकल आडवी केली की निघते. नाहीतर मागून यावं लागतं, चौकातून."

चौकातून म्हणजे सव्वा किलोमीटर. मी मोजलं. आणि काकाच नाही, पलीकडच्या वस्तीतून धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका, शाळेची पोरं, इस्त्रीवाला, सगळे त्या दोन हातांच्या खिंडारातून येत होते. कुठल्याही आराखड्यात ते नव्हतं.

दिवाळीच्या आधी ती भिंत दुरुस्त झाली. नवं प्लॅस्टर, वर काचा. त्या संध्याकाळी काका वीस मिनिटं उशिरा आले. हल्ली घरूनच लवकर निघतात.